प्रयत्नों की शिकस्त

फिरता करंडक फ्रिजवर ठेवू नये. देवघरात चालेल, माळ्यावर चालेल, पलंगाखाली गादीच्या गुंडाळीत तर उत्तमच. फ्रिजवर ठेवला की तो येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतो, दिसला की लोक विचारतात, विचारलं की सांगावं लागतं, आणि वर्षभर एकच गोष्ट सांगत राहिलं की सांगणाऱ्याला ती खरी वाटायला लागते. मृणालचं नेमकं तेच झालं होतं.

करंडक होता दिल्लीतल्या द्वारका भागातल्या नवसंगम सोसायटीच्या फॅमिली बास्केटबॉल स्पर्धेचा. संघ कुणीही काढावा, कसाही काढावा. अट एवढीच की मैदानावरच्या पाचांत दोन बायका कायम हव्यात. गेल्या वर्षी सोसायटीतल्या मोजक्या मराठी घरांनी 'सह्याद्री' नावाचा संघ काढला आणि सगळ्यांच्या, विशेषतः स्वतःच्या, अपेक्षेविरुद्ध तो जिंकला. कप्तान मृणाल. शाळेत असताना नाशिकच्या संघातून खेळलेली, आता गुरुग्रामच्या एका कंपनीत नोकरी, आणि सहा वर्षांच्या सृष्टीची आई. यांतली तिसरी गोष्ट बास्केटबॉलला सर्वांत उपयोगी, असं तिचं ठाम मत होतं. एका हातात डबा आणि दुसऱ्या हातात मोजे घेऊन, तोंडात टूथब्रश असलेल्या मुलीला जिना आणि लिफ्ट यांच्या मधल्या जागेत अचूक गाठायची जिला रोजची सवय, तिला समोरचा संघ काय अडवणार.

सृष्टीला तो कप म्हणजे घरातला चौथा माणूस वाटायचा. शाळेत जाताना ती स्टुलावर चढून त्याला हात लावायची. वाढदिवसाला त्याच्यापुढे केकचा तुकडा ठेवला होता. वर्गात आईवर चार वाक्यं बोलायला सांगितली तेव्हा ती म्हणाली होती, "मेरी मम्मा चॅम्पियन है." मॅमने विचारलं, "किस चीज़ की?" सृष्टी म्हणाली, "सबकी." ही हकिकत मृणालला पालकसभेत कळली, आणि त्यापुढे सृष्टीच्या अक्षराबद्दल मॅम जे काही बोलल्या ते तिला ऐकूच आलं नाही.

अशा सुखात वर्ष सरत आलं असताना लिफ्टमध्ये सिम्मी चड्ढा भेटली.

सिम्मी म्हणजे गेल्या वर्षी अंतिम सामन्यात हरलेल्या 'टॉवर सी टायगर्स'ची कप्तान. बाई मनाची मोकळी. मनात काही राहू नये म्हणून सगळं लिफ्टमध्ये बोलून टाकायची. मृणाल आणि सृष्टी आत शिरल्या तशी ती आनंदाने म्हणाली, "आओ जी आओ, हमारी करवा चौथ चॅम्पियन."

लिफ्टमधली चार माणसं हसली. मृणालही हसली, कारण लिफ्टमध्ये दुसरं काही करायला जागा नसते. पण घरात शिरल्यावर सृष्टीने बूट काढता काढता विचारलं, "आई, करवा चौथ चॅम्पियन म्हणजे खरी चॅम्पियन नसते का?"

आता खरं सांगायचं तर गेल्या वर्षीचा अंतिम सामना करवा चौथच्या दिवशी आला होता. टायगर्सच्या बायका पहाटेपासून निर्जळी. दिल्लीत हल्ली नवरेही बायकोला साथ म्हणून उपास धरतात, त्यामुळे पुरुषही निर्जळी. इकडे सह्याद्रीने सकाळी पोहे, दुपारी वरणभात आणि मैदानावर उतरण्यापूर्वी डिंकाचे लाडू खाल्लेले. सामना संध्याकाळचा. चेंडू वर उडाला की टायगर्सची नजर त्याच्यावरून घसरून चंद्र शोधू लागायची, आणि चेंडू खाली यायचा तो सह्याद्रीच्या हातात. असा तो विजय. मृणाल तो सांगताना हा तपशील गाळायची असं नाही. ती तो शेवटी सांगायची, आणि तोवर पाहुणे चहा संपवून उठलेले असायचे.

पण पोरीने प्रश्न विचारला होता. मृणालने तिचे बूट कोनाड्यात ठेवले आणि ठरवलं की यंदा कप राखायचा, आणि असा राखायचा की कुणाला लिफ्टमध्ये बोलायला तोंड राहू नये. त्याच तिरीमिरीत तिने सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं: "उपवास से कोई नहीं हारता. हारने वाला अपने खेल से हारता है. फिर भी किसी को शिकायत न रहे, इसलिए इस साल फाइनल करवा चौथ से बहुत पहले रखा जाए."

नवरा पुष्कर म्हणाला, "पहिलं वाक्य काढ."

"का? छान आहे की."

"छान आहे म्हणूनच सांगतोय. छान वाक्यं लोक जपून ठेवतात."

पुष्कर पहाटे उठून फोनवर अमेरिकेतले बास्केटबॉलचे सामने बघणारा माणूस. त्याचा एक सिद्धान्त होता: पहिल्या वर्षी संघ कप जिंकतो, दुसऱ्या वर्षी कप संघाला खेळवतो. "तिकडे सात-सात फुटी माणसं आहेत," तो सांगायचा, "त्यांनाही नाही जमत. एका संघाने तर विजेतेपदाच्या पुढच्या मोसमात ब्याऐंशीपैकी त्र्याहत्तर सामने जिंकले. इतके कुणीच कधी जिंकले नव्हते. आणि शेवटी कप गेला तो गेलाच."

"म्हणजे आधीचे नऊ हरले होते ना?" संघातले ज्येष्ठ खेळाडू गुणवंतराव म्हणाले. "तिथेच कळायला हवं होतं."

तारीख बदलणं हे काम वाटलं होतं तेवढं सोपं निघालं नाही. सोसायटीचे सेक्रेटरी राजीवजी एका मंत्रालयातून निवृत्त झाले होते. म्हणजे मंत्रालय सुटलं होतं, सवय सुटली नव्हती. त्यांनी सांगितलं, ग्रुपवरचा मेसेज हा अर्ज नव्हे. मृणालने अर्ज दिला. अर्जावर टॉवर सीची ना-हरकत हवी. सिम्मीने ती हसत हसत दिली, पण पेन्सिलीने. ती चालेना. मग शाईने दिली. मग क्रीडा समितीचं मत हवं, आणि क्रीडा समितीत राजीवजी एकटेच असल्याने त्यांनी स्वतःला पत्र लिहून स्वतःकडून उत्तर येईपर्यंत वाट पाहिली. शेवटी ते तारखांची वही उघडून बसले. रविवार एकही मोकळा नव्हता. एका रविवारी माता की चौकी, एका रविवारी योगशिबिर, एका रविवारी पाण्याच्या टाकीची साफसफाई.

"एक मंगळवार की शाम है, मृणालजी. अगस्त का आखिरी हफ़्ता. अगले दिन आपका गणेशजी का त्योहार भी है."

मृणालने फोनमधलं ऑफिसचं कॅलेंडर पाहिलं. मंगळवार कोरा करकरीत. करवा चौथ दीड महिना पुढे. नवरात्र त्याहून अलीकडे, पण तेही लांब. आणि दुसऱ्या दिवशी गणपती, म्हणजे घरात बाप्पा येईल तेव्हा फ्रिजवर कप असेल, ही कल्पनाच तिला इतकी आवडली की तिने तिथल्या तिथे सही केली.

तिच्या स्वयंपाकघरात पुण्याहून आईने पाठवलेली मराठी दिनदर्शिकाही होती. पण ती मे महिन्यावरच थांबली होती, कारण मेच्या पानामागे लोणच्याची कृती होती आणि लोणचं अजून व्हायचं होतं.

संघ बरोब्बर पाच जणांचा होता. मृणाल. पुष्कर. वसईचा अनिश फर्नांडिस, जो सोसायटीत सर्वांत शुद्ध मराठी बोलायचा आणि त्यामुळे बाकीच्यांना जरा धाकात ठेवायचा. केंद्र सरकारच्या नोकरीत असलेले गुणवंतराव. आणि त्यांच्या पत्नी अलकनंदाताई, याच संघाच्या खऱ्या अर्थाने सह्याद्री. नवऱ्यापेक्षा चार बोटं उंच. त्या बास्केटखाली उभ्या राहायच्या, हात वर करायच्या, चेंडू आत सोडायच्या. दोरीवर कपडे वाळत घालावेत तितक्या शांतपणे. गेल्या वर्षी पद्मजा नावाची एक राखीव बाई होती. तिची बंगळुरूला बदली झाली. त्यामुळे यंदा मृणाल आणि अलकनंदाताई या दोघींपैकी एक जरी खाली बसली तरी संघ बाद. मृणालने ही गोष्ट मनावर घेतली नाही. अलकनंदाताई कधी खाली बसल्याचं कुणी पाहिलं नव्हतं.

यंदाही आधीचे सामने जिंकून सह्याद्री आणि टायगर्सच अंतिम सामन्यात आले, आणि सराव सुरू झाला तसे सल्लेही सुरू झाले. तळमजल्यावरचे काका म्हणाले, चेंडूत हवा जास्त आहे. त्यांच्या पत्नी म्हणाल्या, कमी आहे. पुण्याहून मृणालची आई शालिनीताई फोनवर म्हणाल्या, "एवढ्या लांब राहून हेच करायचं होतं तर पुण्यातच राहायचं होतंस. आणि गुडघ्याला तिळाचं तेल लाव." गुणवंतरावांना त्यांच्या मर्यादा ओळखून एकच काम दिलं होतं: सिम्मीसमोर उभं राहायचं, ती जाईल तिकडे जायचं, आणि तिच्यावरून नजर काढायची नाही. "हे मला जमेल," ते म्हणाले, "फक्त आमच्या हिला आधी समजावून सांगा."

प्रसिद्धीची जबाबदारी त्यांनी स्वतःहून घेतली. कार्यालयातल्या हिंदी पंधरवड्यात त्यांना एकदा उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं होतं, तेव्हापासून हिंदी त्यांच्या ताब्यात होती. उत्तमनगरच्या एका दुकानातून ते भलं मोठं बॅनर छापून घेऊन आले आणि मैदानाच्या जाळीला बांधूनही टाकलं. भगव्यावर पांढऱ्या ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं:

सह्याद्री : इस बार भी प्रयत्नों की शिकस्त

संघाला ते फार आवडलं. प्रयत्नांची शिकस्त, याहून नेमकं काय लिहिणार. अनिशने शुद्धलेखन तपासून मान डोलावली. गंमत म्हणजे बाकीच्या सोसायटीलाही ते फार आवडलं. लोक थांबून वाचायचे. काही जण त्याच्यापुढे उभे राहून फोटो काढायचे. मृणालला वाटलं, हवा झाली आपली.

त्याच जाळीशेजारी राजीवजींनी सामन्याची सूचना लावली होती. सरावाला आलेल्या अलकनंदाताईंनी पिशवी खाली ठेवली, चष्मा लावला, तारीख वाचली, आणि दुधाचा भाव वाचावा तशा आवाजात म्हणाल्या, "अगं मृणाल, ही तर हरतालिका."

चेंडू मृणालच्या हातातून सुटला आणि स्वतःच दोनदा उडून शांत झाला.

गणपतीच्या आदल्या दिवशी काय असतं हे एका मराठी बाईला विसरता येतं, हे तिला स्वतःलाच पटेना. पण तिच्या आईने ते व्रत कधी केलं नव्हतं. "एका माणसासाठी पाणी सोडायचं, आणि त्याला ते कळणारही नाही," असं शालिनीताईंचं रोखठोक मत. त्यामुळे मृणालच्या डोक्यात त्या दिवसाचं नाव होतं, पण तारीख नव्हती. मे महिन्याचं पान उलटलं असतं तर कळलं असतं. लोणचं नडलं.

"ताई, तुम्ही उपास..."

"निर्जळी. सत्तावीस वर्षं."

"एक वर्ष नाही का चालणार? थोडं पाणी तरी."

अलकनंदाताईंनी लांब उभ्या असलेल्या नवऱ्याकडे पाहिलं. ते चेंडूत हवा आहे की नाही हे कानाला लावून बघत होते. "आता मध्येच सोडला आणि ह्यांना काही झालं, तर लोक म्हणतील बास्केटबॉलसाठी सोडला. नको गं. खेळेन मी. उपास पोटाचा आहे, हातांचा नाही."

मृणाल तडक राजीवजींकडे गेली. राजीवजींनी तिला बसवलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा पुसत म्हणाले, "तारीख एक बार बदल चुकी है, मृणालजी. दूसरी बार बदलने के लिए जनरल बॉडी बुलानी पड़ेगी. और मेरे पास आपका ही मेसेज रखा है." त्यांनी फोन डोळ्यांपासून हातभर लांब धरला आणि आकाशवाणीच्या आवाजात वाचलं, "उपवास से कोई नहीं हारता. हारने वाला अपने खेल से हारता है." मग ते म्हणाले, "बहुत सुंदर लिखा है आपने. मैंने तो अपने साले को भी भेजा."

परतताना लिफ्टमध्ये सिम्मी होतीच. तिला कळलेलं होतंच. मृणाल आता टोमण्याची वाट पाहत भिंतीकडे बघत राहिली. पण सिम्मी बिल्कुल हसली नाही. "अलका दीदी पानी भी नहीं पीएँगी?" तिने विचारलं. मग थोडं थांबून म्हणाली, "वैसे हमने भी तो प्यासे ही खेला था, यार." हिशेब बरोबर होता. सहाव्या मजल्यावर उतरताना तिने मागे वळून विचारलं, "और वो बोर्ड किसने लिखा है? इतनी ईमानदार टीम मैंने आज तक नहीं देखी."

"ईमानदार?"

"शिकस्त मतलब हार, जी. इस बार भी प्रयत्नों की हार. हम तो सोच रहे थे, मराठी लोग कितने सीधे होते हैं, पहले से बता देते हैं."

लिफ्टचं दार बंद झालं.

गुणवंतरावांनी हे मानायला साफ नकार दिला. शिकस्त म्हणजे पराकाष्ठा. आमच्या बापजाद्यांनी प्रयत्नांची शिकस्त केली, त्यांना काय हरायचं होतं? मग अनिशने फोनवर हिंदी शब्दकोश उघडून पुढे धरला. गुणवंतराव तो वाचत गेले आणि त्यांचा हिंदी पंधरवडा तिथल्या तिथे संपला. "बॅनर काढू का?" त्यांनी बारीक आवाजात विचारलं.

"राहू दे," मृणाल म्हणाली. तिच्या अंगात आता एक वेगळंच बळ आलं होतं. "आम्ही आमच्या भाषेत लिहिलंय. मंगळवारी त्यांना त्याचा खरा अर्थ दाखवू."

हे वाक्यही छान होतं. पुष्करने ते ग्रुपवर टाकू दिलं नाही.

मंगळवारी संध्याकाळी हवा अशी चिकट होती की चेंडू हाताला चिकटून राहावा. सगळी सोसायटी खुर्च्या घेऊन आलेली. सृष्टी मैदानाच्या कडेला कप मांडीवर घेऊन बसली होती, कारण नियमाप्रमाणे तो सामन्याआधी परत द्यायचा होता आणि तिने राजीवजींना सांगितलं होतं, "अंकल, मॅच के बाद तो वापस हमारे पास ही आना है. मैं ही पकड़ लेती हूँ." राजीवजींच्या आयुष्यात असा बिनतोड अर्ज पहिल्यांदाच आला असावा. त्यांनी तोंडी मंजूर केला.

खेळ सुरू झाला आणि सगळ्यांना दिसलं की सत्तावीस वर्षांचा सराव म्हणजे काय असतो. अलकनंदाताईंचा चेहरा कोरडा, ओठ कोरडे, पण हात वर आणि चेंडू आत. मृणाल पास द्यायची, त्या सोडायच्या. गुणवंतराव सिम्मीपुढे असे उभे, जणू रेशनच्या रांगेतली जागा सांभाळतायत. सिम्मी डावीकडे, ते डावीकडे; सिम्मी उजवीकडे, ते उजवीकडे. वैतागून ती एकदा म्हणाली, "भाई साहब, थोड़ा इधर-उधर भी देख लिया करो." ते म्हणाले, "मना है."

मध्यंतरात टायगर्सच्या लोकांनी थंड बाटल्या उघडल्या, तशी सिम्मीने त्यांना हटकलं. "ओए, इनके सामने नहीं. उधर जनरेटर के पीछे जाके पियो." आणि स्वतः न पिता अलकनंदाताईंच्या शेजारी येऊन बसली. तहान माहीत असलेल्या बायकांना बोलायची गरज नसते. ते पाहून मृणालला पहिल्यांदा वाटलं, की आपण गेल्या वर्षी ते डिंकाचे लाडू निदान लपवून खायला हवे होते.

उत्तरार्धात चुरस वाढत गेली. अनिशने दोनदा चेंडू हिसकावला. पुष्करने एकदा स्वतःच्याच बास्केटकडे धाव घेतली, पण वेळीच आठवलं. शेवटचं मिनिट लागलं तेव्हा सह्याद्री एका गुणाने पुढे होती. चेंडू टायगर्सकडे. आता फक्त त्यांना अडवून धरायचं होतं. मृणालने डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. सृष्टी कप उराशी धरून उभी राहिली होती. झालंच होतं जवळजवळ. लिफ्टमध्ये काय बोलायचं हेही मृणालने मनात ठरवलं होतं.

तेवढ्यात बास्केटखाली अलकनंदाताई खाली वाकल्या.

गुणवंतरावांनी ते पाहिलं. सिम्मीवरून क्षणभरही न हललेली त्यांची नजर हलली. "अगं," असा एक आवाज त्यांच्या तोंडून निघाला आणि तो गृहस्थ सिम्मीला, सामन्याला, सह्याद्रीला तिथेच टाकून सरळ बायकोकडे धावला. सिम्मीसमोर मैदान मोकळं. चेंडू तिच्या हातात आला. तिलाही क्षणभर काय करावं कळलं नाही. पण हात आपलं काम करतात. चेंडू कड्यावर एकदा फिरला आणि आत गेला. शिट्टी वाजली.

गुणवंतरावांनी दोन्ही हातांनी बायकोचा दंड धरला होता. "चक्कर आली का? बस खाली. पाणी... नाही, पाणी नको, वारा घे."

"अहो," अलकनंदाताई हळूच म्हणाल्या, "मी बुटाची नाडी बांधत होते."

जनरेटरमागे कुणीतरी बाटलीचं झाकण लावल्याचं मैदानभर ऐकू आलं. पुष्करने डोकं धरलं. अनिश अत्यंत शुद्ध मराठीत काहीतरी पुटपुटला. मृणाल दोन पावलं पुढे आली. तिच्या जिभेवर बरंच काही होतं आणि ते सगळं गुणवंतरावांसाठी होतं. पण अलकनंदाताईंनी हात वर केला, तोच चेंडू सोडायचा हात.

"ह्यांना काही बोलू नकोस गं. सत्तावीस वर्षं उपास करतेय. त्याचं फळ आजच मिळायचं होतं, त्याला मी काय करू?"

आणि त्या हसल्या. गुणवंतराव लाल झाले होते, पण दंड काही सोडत नव्हते. मृणालची जीभ जागच्या जागी विरघळली. सिम्मी धापा टाकत जवळ आली, त्या दोघांकडे पाहत राहिली आणि मग स्वतःच्या नवऱ्याकडे वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "देख. सीख कुछ. पिछले साल मुझे सच में चक्कर आया था, और तूने बॉल पकड़ी थी."

बक्षीस समारंभ तिथेच झाला. सृष्टीने कप स्वतः नेऊन सिम्मीच्या हातात दिला. देताना त्याच्या कडेवरचा एक डाग फ्रॉकने पुसला आणि बजावलं, "आंटी, इसको फ्रिज के ऊपर रखना. इसको वहीं अच्छा लगता है." सिम्मीने गंभीरपणे मान डोलावली. मृणाल हे सगळं बघत होती आणि पोरीच्या तोंडाकडे बघायचं टाळत होती. सबकी चॅम्पियन, आता ती सबकी काय राहिली, एवढाच प्रश्न तिच्या मनात होता.

मग राजीवजींनी उपविजेत्यांचं नाव पुकारलं आणि तिच्या हातात चौकटीतलं प्रमाणपत्र दिलं. सोनेरी वेलबुट्टी, सोसायटीचा शिक्का, आणि मधोमध ठळक अक्षरांत: 'सह्याद्री टीम को सर्वोत्तम चेष्टा के लिए सादर प्रदान.'

मृणालने ते दोनदा वाचलं. तिचे कान तापले. हरलो ते हरलो, पण चेष्टा? आणि तीही शिक्का मारून, चौकट करून, सादर? ती गुणवंतरावांकडे वळली. त्यांनी दोन्ही हात जोडले. "मला विचारू नका. मी हिंदी सोडली."

"राजीवजी," मृणाल पुढे होऊन म्हणाली, "हम हार गए, ठीक है. लेकिन इस तरह हमारी चेष्टा..."

"बिल्कुल, बिल्कुल," राजीवजी गहिवरून म्हणाले. "आपकी चेष्टा सबने देखी. पूरी सोसाइटी ने देखी. ऐसी चेष्टा रोज़-रोज़ देखने को नहीं मिलती."

खुर्च्यांवरून टाळ्या पडल्या. मृणालला आता रडावं की भांडावं कळेना. तेवढ्यात कुणीतरी तिचा टीशर्ट खालून ओढला.

"आई, चेष्टा म्हणजे ट्राय करना," सृष्टी म्हणाली. "आम्हाला बुकमध्ये आहे. चींटी बार-बार गिरती है, बार-बार चेष्टा करती है." तिने प्रमाणपत्र आपल्याकडे घेतलं आणि बोटाने अक्षरं लावत वाचलं. "आणि तुझी तर सर्वोत्तम आहे. चींटीची फक्त बार-बार होती."

मृणाल खाली बसली, म्हणजे पोरीच्या उंचीला आली. "आपण मराठीत त्याला शिकस्त म्हणतो," ती म्हणाली.

"मग बोर्डवर बरोबर लिहिलं होतं की," सृष्टी म्हणाली. तिच्या दृष्टीने विषय संपला होता.

घरी आल्यावर सृष्टी स्टुलावर चढली आणि फ्रिजवर, कपाच्या बुडाचा गोल ठसा होता नेमक्या त्या जागी, प्रमाणपत्र भिंतीला टेकवून उभं केलं. मृणालने स्वयंपाकघरात जाऊन दिनदर्शिकेचं मेचं पान पहिल्यांदा उलटलं. पुष्करने चहा टाकला. उद्याच्या आरतीला सिम्मीने स्वतःच स्वतःला बोलावलं होतं, कपासकट. म्हणाली, तुमच्या बाप्पालाही एकदा बघू दे. एकूणात हरलेल्या घरात असावी त्यापेक्षा बरीच जास्त प्रसन्नता होती.

तेवढ्यात पुण्याहून फोन आला. मृणालचे हात पिठाचे होते, म्हणून सृष्टीने घेतला.

"आजी, आई हरली," ती उत्साहाने सांगू लागली. "पण सगळ्यांनी आईची खूप चेष्टा बघितली. सर्वोत्तम चेष्टा. अंकलनी सर्टिफिकेट पण दिलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आम्ही फ्रिजवर ठेवलंय."

मग शालिनीताईंचा आवाज स्पीकर नसतानाही स्वयंपाकघरापर्यंत पोचला. "माझ्या लेकीची चेष्टा? आणि वर सर्टिफिकेट? कोण तो अंकल? थांब, मी येतेच तिकडे. समजतात कोण स्वतःला. एकेकाला सरळ करते."

मृणाल पिठाचे हात तसेच घेऊन समजावून सांगायला धावली. पण सृष्टीने तळहाताने फोन झाकला होता. तिच्या डोळ्यांत तीच चमक होती जी वर्षभर कपाकडे बघताना असायची.

"आई," ती कुजबुजली, "आजी येतेय. आणि आजी उपास करत नाही. टीममध्ये घेऊ?"